कारखान्याची मळी

१० जानेवारी १९८२, रविवार

आज नामदेवच्या शेतातला खड्डा उघडला. दिवाळीच्या पाडव्याला मातीनं लिंपून बंद केला होता, म्हणजे अडीच महिने झाले. वरचा थर बाजूला केला आणि खाली काळंभोर, भुसभुशीत खत. मूठभर घेऊन वास घेतला. सडक्या कांद्यांचा, केळीच्या सालींचा, आमच्या सोसायटीतल्या चोवीस घरांच्या खरकट्याचा मागमूस नाही. आमच्या मिरजेकडच्या मळ्यातल्या मातीचा वास आला. गांडुळं तर इतकी की फावडं मारायला जीव होईना. आतमध्ये हात घातला तर कोमट.

नामदेव नुसता बघत राहिला. नामदेव म्हणजे आमच्या कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन. रबाळ्याला जिथे कारखाना उभा आहे तिथे त्याची भातशेती होती. संपादनात ती गेली आणि आता तो आपल्याच शेताच्या दारात खाकी घालून उभा राहतो. गावाच्या खालच्या अंगाला, खाडीच्या बांधाजवळ दोन खाचरं आणि एक विहीर तेवढी राहिली. घरातल्या सगळ्यांचा वर्षाचा भात त्या दोन खाचरांतून येतो. खारं पाणी झिरपून माती दर वर्षी अधिक बिघडते. मी त्याला शब्द दिलाय, दोन वर्षांत माती बदलून दाखवतो. पोटासाठी स्टोअरकीपर झालो म्हणून काय झालं, दोन वर्षं शेतीशाळेत घासलीत.

मीनाचं म्हणणं, "अहो, लोक रविवारी सिनेमाला जातात आणि तुम्ही उकिरड्यावर." वाशीच्या सोसायटीत मला कचरासेठ नाव पडलंय. पडू दे. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

७ मार्च, रविवार

विहिरीकडेच्या वाफ्यातली वांगी आज तोडली. चकचकीत, डोळे दिपतील अशी तकतकी. नामदेवची आई गोजराबाई, सत्तरीची, कोणाचं कौतुक करायचं म्हणजे तिच्या जिवावर येतं. तिनं वांगं हातात फिरवलं आणि म्हणाली, "बरा हाय." एवढंच. मला शाल-श्रीफळ मिळाल्यासारखं झालं.

नामदेवचा मुलगा मधुकर याला कारखान्यात ठेकेदाराकडे लावून दिलं. गेल्याच महिन्यात त्याचं लग्न झालंय. सून वैशाली, चुणचुणीत पोरगी, मला काका म्हणते. ती वांग्याची टोपली घेऊन उभी होती तेव्हा वाटलं, माणसानं एवढं जरी केलं तरी जन्माला आल्यासारखं आहे.

आता खरी अडचण. दोन खाचरांना निदान वीस गाड्या खत लागेल. माझ्या कचऱ्यातून निघतंय चार गाड्या.

३ एप्रिल, शनिवार

सापडलं! आणि सापडलं ते काखेत.

दर महिन्याला माझ्या स्टोअरमध्ये उसाच्या मोलॅसिसचा टँकर येतो, आमच्याच भागातल्या साखर कारखान्यातून. आमची कंपनी चामडं कमावायची पावडर बनवते, त्यात ते मोलॅसिस लागतं. टँकरचं झाकण उघडलं की मला गावी गेल्यासारखं वाटतं. आज कारखान्याच्या भिंतीमागे सहज गेलो तर तिथे फिल्टर प्रेसमधून निघालेल्या वड्यांचा ढीग. काळपट, ओलसर, पोळीसारख्या पापुद्र्यांच्या. मी थबकलोच. ही तर मळी! आमच्याकडे साखर कारखान्यात उसाचा रस गाळला की फिल्टर प्रेसमधून हीच निघते. तीच कापडं, तशीच घडी. शेतकरी बैलगाड्या घेऊन रांगा लावतात तिच्यासाठी. मळी पडलेल्या रानातला ऊस वडिलांनी मला लहानपणी बोट दाखवून ओळखायला शिकवला होता. आणि इथे तिचे डोंगर वाया चाललेत!

वासात तेवढा फरक आहे. गोडसर नाही. नाकात झोंबतो जरा. पण इथलं पाणी वेगळं, हवा वेगळी.

ठेकेदार श्यामसुंदरला विचारलं. तो इतका खूश झाला की मलाच संकोच वाटला. "साहेब, तुम्ही फक्त जागा दाखवा. गाडी माझी, डिझेल माझं, पोरं माझी. एकच रिक्वेस्ट, कागदावर काही नको. वरच्या लोकांना उगाच टेन्शन." या काळात एवढं निरपेक्ष कोण करतं? लोक ठेकेदारांना नावं ठेवतात.

१८ एप्रिल, रविवार

चार नवे खड्डे भरले. एक थर बाजारातली कोबीची पानं आणि कांद्याची साल, एक थर मळी, एक थर शेण. मी लहान मुलासारखा अनवाणी तुडवत होतो. मधुकर आणि त्याच्याबरोबरची दोन पोरं वड्या फोडत होती.

गोजराबाईशी वाजलं. इथे उन्हाळ्यात राब भाजतात. रोपाच्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून आग लावायची आणि त्या राखेत भात पेरायचं. मी म्हटलं, आजी, जे कुजवून सोनं करायचं ते तुम्ही जाळून आभाळात सोडता. आगीत सगळं जातं.

"सगला जातो म्हनूनच भाजतात," ती म्हणाली. "जमिनीत काय वंगाल असंल त्या जलून जाताय. माज्या सासूनं भाजला, तिच्या सासूनं भाजला. तुजा खत लेकरा वांग्याला चांगला. भाताला राख लागते."

नामदेव मधे पडला. "आये, सायेब बोलतान त एक साल करून बघू."

ती उठून आत गेली. जुनं खोड, वाकायचं नाही. पण नामदेव माझ्या बाजूनं आहे. या वर्षी राब नाही.

९ मे, रविवार

खड्डे तापत नाहीत. तीन आठवड्यांत आत हात ठेववणार नाही इतकी ऊब हवी. आज सळई खुपसून ठेवली, काढून गालाला लावली. गार. मातीच्या मडक्यासारखी गार.

विचार केला. मळी थंड प्रकृतीची असणार. शेण कमी पडलं असेल. आणखी चार पाट्या टाकायला सांगितल्या.

पण एक गोष्ट कबूल करायला हवी, इतका स्वच्छ खड्डा मी जन्मात पाहिला नाही. माशी नाही, अळी नाही, घाण नाही. जानेवारीतल्या खड्ड्यावर उंदरांनी जत्रा भरवली होती. यावर एक उंदीर नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीला आणून दाखवला पाहिजे.

गोजराबाई येऊन बघून गेली. म्हणते, "ज्याला माशी शिवत नाय त्याला मानसानं कसा शिवावा?" मी हसलो. या बायकांना घाण नसली तरी चुकचुकल्यासारखं होतं.

३० मे, रविवार

हे लिहू की नको असं झालंय, पण डायरीत खोटं लिहायचं तर ठेवायची कशाला?

खड्डा उघडला. कोबीची पानं तशीच. सहा आठवडे पुरलेलं पान, शीर न् शीर दिसते, फक्त रंग पिवळसर. कांद्याची साल कुरकुरीत. केळीचं साल कातड्यासारखं चिवट झालंय, ओढलं तरी तुटेना. मी पुष्कळ कचरा पाहिला, पण न कुजणारा कचरा पहिल्यांदाच पाहिला. गांडूळ एक नाही. जुन्या खड्ड्यातली मूठभर आणून सोडली होती, ती कडेच्या मातीत वाळलेल्या दोऱ्यांसारखी सापडली.

नामदेव म्हणाला, "सायेब, जमला नाय का?"

आता काय सांगू? राब भाजायचे दिवस गेले. आभाळ भरायला लागलंय. त्याच्याकडे दुसरं काही नाही आणि ते माझ्यामुळे. मी म्हटलं, अर्धं काम खड्ड्यात होतं, अर्धं जमिनीत. पाणी लागलं की कुजेल. म्हणताना मला ते पटलं. लिहिताना तितकंसं पटत नाहीये.

पण वांगी आली ना? खत तेच, हात तोच.

५ जून, शनिवार

वीस गाड्या पसरून झाल्या. श्यामसुंदरनं आपणहून आणखी तीन ट्रक सरळ खाचरात ओतले. "घ्या साहेब, पोटभर घ्या." दोन्ही खाचरं काळी दिसतायत.

११ जून, शुक्रवार

आज स्टोअरमध्ये मधुकर आला. भिंतीमागचा ढीग उचलणाऱ्या पोरांना रबरी हातमोजे हवेत, हात फुटतायत म्हणे. मी त्याची चांगलीच फिरकी घेतली. म्हटलं, अरे, खताला हातमोजे? तुझ्या आजोबानं शेण काढताना घातले होते का? मी स्वतः अनवाणी तुडवलंय, बघ माझे पाय. पोरगं ओशाळलं, हसून गेलं. नियमानं मोजे कायम कामगारांना, ठेक्याच्या पोरांना नाहीत, हेही खरं. पण कपाटात बारा जोड पडून होते, हेही खरं.

४ जुलै, रविवार

लावणी झाली. रोप जरा उशिरा उगवलं, पात्याची टोकं पिवळी, पण लागलं एकदाचं. मीही पँट दुमडून उतरलो. बायका गाणी म्हणत होत्या, मला हसत होत्या.

खाचरातल्या पाण्याला पिवळी झाक आहे. उन्हात अगदी केशर टाकल्यासारखी. नामदेवनं विचारलं तेव्हा सांगितलं, खताचा अर्क उतरतोय, चहाचा उतरतो तसा. दिसतं मात्र सुंदर.

वैशालीला दिवस गेलेत. गोजराबाईनं मुद्दाम बोलावून सांगितलं, इतका माझ्यावरचा राग निवळलाय. माघ महिन्यात बाळ येईल. म्हणाली, "नवीन भात तिच्या पोटात जाईल, पोर घट होईल." मी म्हटलं, आजी, या घरातला पणतू माझ्या खतावर पोसणार. तीही हसली. फार बरं वाटलं. आम्हाला मूल नाही. एरवी त्याचं काही वाटत नाही, पण घरी आल्यावर मीनाला हे दोनदा सांगितलं.

८ ऑगस्ट, रविवार

पीक बऱ्यापैकी उभं राहिलं. जिथे श्यामसुंदरनं ट्रक ओतले तो कोपरा मात्र बसलाय, पाती गंजल्यासारखी. तिथे जास्त झालं. खाणाऱ्यानंही बेतानं खावं.

गोजराबाई बांधावर बसली होती. "औंदा खाचरात चिंबोऱ्या नाय," म्हणाली. दर पावसाळ्यात खेकडे असतात, रात्रीच्या कालवणापुरते सहज मिळतात. मी म्हटलं, बरं झालं की, रोपं कुरतडणारे गेले. तिनं बोटानं पलीकडचं शेत दाखवलं. तिथे सात-आठ बगळे होते. आमच्या खाचरात एक नाही. "पाखरांना कोनी सांगितला?" ती म्हणाली.

म्हातारीशी वाद कोण घालणार?

२२ ऑगस्ट, रविवार

उजव्या हाताच्या दोन बोटांवर नखापाशी बारीक फोड आले होते, त्यांची भोकं पडलीत. गोल, पंच मारल्यासारखी. गंमत म्हणजे दुखत नाहीत. मीना हळद लावते आणि कटकट करते. "डॉक्टरला दाखवा." एवढ्याशा चिखल्यांना कोण दाखवतं?

१९ सप्टेंबर, रविवार

लोंब्या बाहेर पडल्या! चार दाणे कमी असतील, थोडे पोचट असतील, पण नामदेवच्या म्हणण्याप्रमाणे गेल्या वर्षापेक्षा सवाई. शेजारच्या खाचरांचे मालक बघायला आले. पलीकडच्या गावचेही दोघे होते. नामदेवनं त्यांना माझ्यासमोर उभं केलं आणि मी बोललो. चांगला अर्धा तास बोललो. कचऱ्याचं मोल, मळीची महती, राबाची उधळपट्टी. शेवटी एक जण म्हणाला, "सायेब, आमाला बी द्या." श्यामसुंदरचा पत्ता दिला.

मधुकर आला नव्हता. त्याच्या नाकाचा घोळणा फुटतो अधूनमधून, आज जरा जास्त फुटला म्हणून निजला होता. उन्हात काम करतात ही पोरं, डोक्यावर फडकंसुद्धा घेत नाहीत.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

कापणी, मळणी आटोपली. नामदेव नव्या तांदळाची गोणी खांद्यावर घेऊन दोन मजले चढून घरी आला. पहिला तांदूळ गावदेवीला आणि नंतर मला. मीनानं ओवाळलं त्याला. भाताला किंचित तुरट चव आहे, पण नव्या तांदळाला असतेच. मीना म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या कचऱ्याचं काही खाल्लं." आज मी सुखी आहे. हे लिहून ठेवतो, कारण माणूस असं लिहीत नाही आणि मग विसरतो.

१५ नोव्हेंबर, सोमवार

आज दिवाळी. मी काय लिहू?

परवा शनिवारी नंदकिशोर स्टोअरमध्ये आला होता. लॅबमध्ये नवा लागलाय, कोवळा केमिस्ट, अजून सगळ्यांना काका म्हणतो. बाटल्या मोजून घेताना माझ्या बोटांकडे बघून थांबला. "काका, हात दाखवा. हे कधीपासून? तुम्ही प्लँटवर नसता ना?"

मी म्हटलं, चिखल्या आहेत.

"चिखल्या नाहीत. हे क्रोमचे व्रण आहेत. भिंतीमागच्या गाळात हात घातला होतात का?"

मी म्हटलं, मळीत घातला होता.

त्याला मळी म्हणजे काय ते कळेना. मी सांगितलं. मोलॅसिसचं सांगितलं, फिल्टर प्रेसचं सांगितलं. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा बदलत गेला. मग त्यानं पोरांना शिकवतात तसं शांतपणे सांगितलं. मोलॅसिस आत जातं ते शेवटच्या कढईत, तिथेच संपतं. प्रेसमधून निघतो तो आधीच्या खात्यातला गाळ. त्यात उसाचा कणही नाही. त्यात बायक्रोमेट उरतं. ते लाकडाला लावतात, काका, कीड लागू नये, कुजू नये म्हणून. ज्यात जीव आहे ते सगळं त्यानं मरतं.

म्हणून माशी नाही. म्हणून ऊब नाही.

तो म्हणाला, "तो गाळ कुठे वापरला नाहीत ना?"

मी म्हटलं, नाही. कुठेच नाही.

हे मी का म्हटलं? दोन दिवस विचार करतोय. नोकरी जाईल म्हणून? तेही. पण खरं कारण त्याहून हलकट आहे. त्या पोरासमोर मला अडाणी ठरायचं नव्हतं.

घरी येऊन तांदळाचा डबा उचलला आणि खाली कचऱ्याच्या पेटीत उपडा केला. मीना धावत आली. तिला सांगितलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "नामदेवांना सांगितलंत?"

"दिवाळी झाली की, पुढच्या रविवारी जातो."

"पुढच्या रविवारी? आपला डबा आज आणि त्यांचा आठ दिवसांनी?"

आज तिनं पणत्या लावल्या, पण माझ्याशी बोलत नाही.

१८ नोव्हेंबर, गुरुवार

श्यामसुंदरला गाठलं. म्हटलं, गाड्या बंद कर, तो गाळ विषारी आहे. तो हसला. "साहेब, मला शिकवता? मोजे न देणारे तुम्हीच ना?" मग जरा मऊ झाला. "आता बंद कसं करू? पलीकडच्या गावातून माणसं रोज येतात. तुमचं नाव सांगतात. म्हणतात, मिरजेच्या साहेबांनी सांगितलंय. काल सहा ट्रक गेले." आधी त्याला गाळ टाकायला जागा मिळत नव्हती. रात्री-बेरात्री खाडीत ओतायचा. आता लोक स्वतः बोलावून नेतात.

मधुकरला दवाखान्यात नेलं होतं, नामदेवनं गेटवर सांगितलं. नाकातला मधला पडदा फुटलाय म्हणे, आरपार. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करतो? त्यानं सांगितलं, खताचं.

नामदेवच्या डोळ्यांत बघता आलं नाही. त्याच्यापुढे मी गेटच्या रजिस्टरवर सही केली आणि आत गेलो.

२१ नोव्हेंबर, रविवार

आज गेलो. मीना दारापर्यंत आली होती. म्हणाली, "न सांगता परत येऊ नका."

वाटेत सगळी वाक्यं जुळवली होती. नामदेव बाजारात गेला होता, मधुकर आत झोपला होता. विहिरीवर वैशाली पाणी शेंदत होती. सातवा सरत आलाय, पोट चांगलंच दिसतं. मला पाहून हसली, "काका, जेवल्याबिगर जायाचा नाय हा!" गोजराबाई खळ्यात एकटी सूप घेऊन बसली होती. तिच्यासमोर जमिनीवरच बसलो आणि एकही जुळवलेलं वाक्य न वापरता सांगून टाकलं. आजी, तुम्ही म्हणत होतात ते बरोबर होतं. मी खत म्हणून विष आणलं. जमिनीत गेलं, भातात गेलं असणार. मधुकरचं नाक त्यानंच गेलंय. हा भात खाऊ नका.

सूप थांबलं नाही. मला वाटलं तिला ऐकू आलं नाही.

मग म्हणाली, "भाद्रपदातच समाजला मना. पन सांगू कोनाला? नामदेव तुज्या शब्दावर चालतो. आनि दुसरा भात कुठं हाय?"

मी म्हटलं, मी आणतो. माझं रेशन आणतो, दुकानातला आणतो, वर्षभर आणतो. आत्ता वैशालीला सांगू, आजपासून तिनं...

तिनं सूप खाली ठेवलं आणि माझा हात धरला. ती भोकं पडलेली बोटं तिच्या मुठीत होती. "तिला नाय सांगायचा. महिना झाला खाते ती. आता सांगून तिच्या पोटातला काय बाहेर काढशील तू? भीती तेवरी घालशील. पहिलटकरीन हाय. रोज पोटावर हात ठेवून बसंल, निजनार नाय. कनगीत गेल्या सालचा तांदूल हाय थोरा. उद्यापासून तिचा भात मी येगला शिजवीन. तू आनशील त्यो बी तिलाच. बाकीच्यांना काय सांगायचा ता मी बघीन."

"पण आजी, हे तिच्यापासून लपवायचं..."

"येवरा बोलला सालभर," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आता गप ऱ्हा."

समोर खाचरं होती. कापणी झालेली जमीन, खुंट राहिलेले. तिनं विचारलं, "ही माती परत कदी चांगली व्हईल?"

या वर्षात मला शेकडो प्रश्न विचारले गेले असतील आणि एकाचंही उत्तर मी अडवून ठेवलं नाही. आज पहिल्यांदा म्हटलं, "मला माहीत नाही, आजी."

"व्हईल ना पन?"

"माहीत नाही."

आतून वैशालीची हाक आली. ताटं मांडली होती. भात आधीच शिजला होता, नवा, वाफाळता, वर बोंबलाचं कालवण. गोजराबाई माझ्या शेजारी बसली आणि पहिला घास तिनं घेतला. मग मी घेतला. तीच तुरट चव. वैशाली समोर उभी राहून बघत होती, तिला आवडलं का ते ऐकायचं होतं. मी म्हटलं, छान झालाय.

"आजून वाढू?"

मी ताट पुढे केलं. तिनं वाढलं, आपल्यासाठी ताट घेतलं, पोट सांभाळत सावकाश खाली बसली आणि आमच्या समोर जेवायला लागली. तिला भूक लागली होती. दुसऱ्यांदा तिनं स्वतःच वाढून घेतला आणि आम्ही दोघं खाली मान घालून जेवत राहिलो.